दोनशे अठ्ठेचाळीस पावलं

समुद्र जागेवर नव्हता.

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून वीस मिनिटं. डोक्यावर रणरणतं ऊन, पायाखाली पांढरी वाळू आणि शेजारी माझ्या सासूबाई. त्यांच्या अंगात माझ्या नवऱ्याची जुनी ट्रॅकपँट आणि त्याचाच पूर्ण बाह्यांचा शर्ट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्यात बघायचा मास्क आणि श्वास घ्यायची नळी. तयारी अगदी चोख होती. फक्त पाणी तेवढं निघून चाललं होतं. लांबवर जे काही उरलं होतं ते गुडघाभर, त्यातून काळपट खडकांची टोकं वर आलेली आणि त्यांच्या मधून पाणी खळखळत मागे पळत होतं.

"हेमा," त्या म्हणाल्या, "सव्वाअकराला पूर्ण भरती म्हणाली होतीस ना?"

"हो, बाई."

"मग आत्ता पाणी वर असायला हवं. तासाभरात किती उतरणार?"

"थोडं मागंपुढं होतं कधी कधी."

"थोडं?" त्यांनी काठीनं समोरचा उघडा पडलेला सगळा खडक दाखवला. "हे थोडं?"

सासूबाईंना मी आई म्हणत नाही, बाई म्हणते. मंगळवेढ्यात त्यांना सगळेच किल्लेदार बाई म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवलं. माझा नवरा श्रीनिवास त्यांच्याच वर्गात होता आणि शाळेत आई म्हणायचं नाही अशी सक्त ताकीद असल्यामुळे तो घरीसुद्धा बाईच म्हणायला लागला. मी लग्न होऊन आले ती त्याच वर्गात दाखल झाले. तोवरच्या अकरा वर्षांत त्या माझ्यावर कधी ओरडल्या नव्हत्या, पण कधी 'छान' असंही म्हणाल्या नव्हत्या. मी केलेल्या पुरणपोळीवर त्यांचा शेरा 'ठीक आहे' हा असायचा.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा बाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. दोन्ही गुडघे गेले होते. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख काढली, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "ऑपरेशन नंतर. आधी मला एकदा जिवंत प्रवाळ बघायचंय."

श्रीनिवासला वाटलं, चेष्टा करतायत. पण बाई चेष्टा करत नाहीत. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, ज्वारीच्या मुलखात, त्यांनी हजारभर पोरांना तक्त्यावर छडी ठेवून प्रवाळ शिकवलं होतं आणि स्वतः कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, वय आणि साखर बघता ऑपरेशननंतर चालणं कितपत सुधारेल ते सांगता येत नाही. म्हणजे जे काही बघायचं ते या दोन अधू गुडघ्यांवरच, आणि लवकर.

श्रीनिवासला सुट्टी मिळेना. मी म्हटलं, मी नेते. हे मी प्रेमापोटी म्हटलं असं सांगायला मला आवडेल, पण खरं कारण वेगळं होतं. मी देवगडची. समुद्र हा एकच विषय असा होता ज्यात बाईंपेक्षा मला जास्त कळत होतं.

बेट ठरलं अंदमानातलं एक लहानसं. प्रश्न होता राहायचं कुठं. बोटीत बसून खोल समुद्रात जाणं, शिडीनं पाण्यात उतरणं आणि त्याच शिडीनं वर चढणं बाईंना शक्यच नव्हतं. म्हणजे खोलीतून निघून चालत पाण्यात जाता आलं पाहिजे आणि तिथंच प्रवाळ पाहिजे. मी फोन करत सुटले. एक जण म्हणाला, "बीच पाँच मिनट." खोदून विचारल्यावर कळलं, जीपनं पाच मिनिटं. दुसऱ्याकडं चालत जाता येत होतं, पण नव्वद पायऱ्या होत्या. तिसरा म्हणाला, प्रवाळ बघायला सगळे बोटीनंच जातात, तुम्ही काय वेगळ्या आहात का? नवव्या की दहाव्या फोनवर शेफाली मोंडल नावाची बाई भेटली. बंगाली, नवरा वारलेला, नारळाच्या वाडीत चार झोपड्या बांधून पाहुणे ठेवायची. मी विचारलं, "पानी कितना दूर है?"

"रुकिए," ती म्हणाली आणि फोन तसाच ठेवून कुठंतरी निघून गेली. मी पाच मिनिटं कोंबड्यांचे आवाज ऐकत बसले. मग ती धापा टाकत आली. "दो सौ अड़तालीस कदम. हमारा कदम छोटा है."

मी तिथंच खोली पक्की केली. त्यावर ती म्हणाली, "तारीख बोलिए दीदी. हम ज्वार-भाटा देख के बताएगा, कौन सा दिन आने का. इधर का पानी थोड़ा..."

"उसकी ज़रूरत नहीं," मी म्हटलं. "मैं समंदर के किनारे ही पैदा हुई हूँ."

आणि ते खोटं नव्हतं. आमच्याकडं भरतीचं गणित पोराबाळांना तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ हातात. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भर दुपारचं ऊन, भरलेलं पाणी, तळापर्यंत उजेड. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बाईंसमोर पौर्णिमेवर बोट ठेवलं आणि हे गणित समजावून सांगितलं. बाईंनी दोन-चार तिथ्या स्वतः घालून पाहिल्या आणि म्हणाल्या, "सोपं आहे की. हे कुणी शोधून काढलं असेल?" त्या दिवशी मी घरात जरा मोठ्यानंच बोलत होते.

बाईंनीही तयारीत कसूर केली नाही. महिनाभर आधी आम्हा दोघींसाठी मास्क आणि नळ्या मागवल्या आणि रोज सकाळी परसात घंगाळात पाणी भरून त्यात तोंड बुडवून नळीनं श्वास घ्यायचा सराव केला. समोर घड्याळ. पहिल्या दिवशी अर्धं मिनिट, शेवटी वीस मिनिटं. शेजारच्या काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हेमा, बाई बऱ्या आहेत ना गं?"

तर अशा आम्ही दोघी, दोन विमानं, एक मोठी बोट आणि एक रिक्षा बदलून त्या किनाऱ्यावर उभ्या होतो आणि समुद्र निघून गेला होता.

दोनशे अठ्ठेचाळीस पावलं परत चालायला बाईंना पाऊण तास लागला. वाळूत काठी रुतायची. मधे दोनदा त्या नारळाला टेकून उभ्या राहिल्या. झोपडीत पोचेपर्यंत डावा गुडघा टरारून सुजला होता. शेफालीदींनी मोहरीचं तेल लसूण घालून तापवलं आणि काही न विचारता त्यांचा पाय मांडीवर घेऊन चोळायला लागल्या.

"मासीमा, इतनी धूप में काहे को गईं?" त्या म्हणाल्या. "पानी तो नौ बजे भर गया था. अब तीन-साढ़े तीन तक उतरेगा."

सकाळी शेफालीदी भाजी घेऊन धक्क्यावर गेल्या होत्या, नाहीतर आम्हाला निघतानाच अडवलं असतं.

"नौ?" मी म्हटलं. "पूर्णिमा को नौ कैसे बजेंगे?"

"इधर नौ, सवा नौ ही बजता है, दीदी."

बाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे तुझं ते पाऊणपटीचं गणित इथं चालत नाही."

"ते आमच्या किनाऱ्याचं आहे, बाई. इथला समुद्र वेगळा. मला काय माहीत, इथं दोन तासांचा फरक पडतो ते."

"कुणी सांगितलं नव्हतं?"

"कोण सांगणार?" मी म्हटलं.

शेफालीदींना मराठी येत नव्हतं, पण काय चाललंय ते कळायला मराठी यावं लागत नव्हतं. तेल चोळता चोळता, मान वर न करता, अगदी सहज त्या म्हणाल्या, "हम तो फोन पे बोल रहा था दीदी को. दीदी बोली, हम समंदर का लड़की है."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई आता काय बोलणार याची मी वाट बघत राहिले. अकरा वर्षांत न ओरडलेल्या बाई आता ओरडणार आणि ओरडल्या तर बरंच होईल असं मला वाटलं.

"ती सांगत होती," बाई सावकाश म्हणाल्या, "आणि तू तिला बोलू दिलं नाहीस."

"हो."

"का?"

"मला वाटलं, मला माहीत आहे."

बाईंनी डोळे मिटले. मग शेफालीदींच्या हातावर थोपटल्यासारखं केलं, पाय काढून घेतला आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत. शेफालीदींनी मुद्दाम बिनकांद्याची डाळ केली होती, ती तशीच राहिली. मी दाराबाहेर पायरीवर बसून रडले. दुसरा दिवस शेवटचा होता. परवा पहाटेची बोट पकडायची होती. आणि एका म्हाताऱ्या माणसाची आयुष्यातली एक इच्छा मी माझ्या तोऱ्यापायी मातीत घातली होती.

सकाळी नऊलाच मी एकटी किनाऱ्यावर गेले. समुद्र टिच्चून भरला होता. म्हटलं, आता तरी बाईंना आणता येईल, लाइफ जॅकेट घालून तरंगत ठेवू. आधी स्वतः शिरून पाहावं म्हणून मी मास्क लावला आणि पाण्यात उतरले. खडकाच्या कडेवरून लाटा थेट आत येत होत्या. तिसऱ्या लाटेनं मला उचललं, दुसरीकडंच नेऊन टाकलं आणि माझा मास्क तोंडावरून निघून कपाळावर गेला. नाकातोंडात पाणी गेलं, पोटरी खरवडून निघाली. वाळू उडून पाणी गढूळ झालेलं, त्यात बोटभरसुद्धा काही दिसत नव्हतं. मी खोकत बाहेर आले. भरतीची वेळ मी अचूक काढली असती, तरी बाई इथं एक मिनिट टिकल्या नसत्या. माझं गणित चुकलं हे तर होतंच, पण मुळात प्रश्नच चुकीचा होता.

परत आले तेव्हा शेफालीदी अंगणात नारळ सोलत होत्या. त्यांनी माझ्या पायाचं रक्त पाहिलं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"शेफालीदी, मुझे कुछ नहीं मालूम. आप बताइए."

त्यांनी कोयता खाली ठेवला. "अब पूछा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसण्यात जरासुद्धा टोमणा नव्हता, म्हणून मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी सांगितलं. लोक येतात, भरती विचारतात. पण भरती पोहणाऱ्यांसाठी. ओहोटीला सगळा खडक उघडा पडतो, पण त्याच्या आत एक कुंड आहे. चारी बाजूंनी खडकाची भिंत, तळाला वाळू, छातीइतकं पाणी. समुद्र खाली गेला की त्याचं दार बंद होतं. लाट नाही, ओढ नाही, पाणी नुसतं बसून राहतं. तिथपर्यंत वाळूची एक वाट जाते, तीही ओहोटीलाच दिसते. त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी त्याच कुंडात पोहायला शिकवलं होतं.

"काल तो आप लोग सही टाइम पे गया था," त्या म्हणाल्या. "दो घंटा और रुकने का था, बस."

"लेकिन बाई इतना चल नहीं पाएँगी. घुटना देखा ना आपने?"

"वो हम देखेगा."

बाईंना मी सगळं सांगितलं. त्या उठून बसल्या आणि एकच विचारलं, "ती म्हणतेय ना?"

"हो. त्याच म्हणतायत."

"मग चल."

अडीच वाजता आम्ही निघालो. पुढं शेफालीदी, त्यांच्या डोक्यावर एक प्लास्टिकची लाल खुर्ची. पन्नास पावलं झाली की त्या खुर्ची वाळूत ठेवायच्या, बाई बसायच्या, दम खायच्या आणि पुन्हा खुर्ची डोक्यावर. किनारा संपला, मग उघडा खडक लागला. शेफालीदी पायानं दाखवत होत्या, इथंच पाय ठेवायचा, वाळूवर, खडकावर नाही, तिथं जीव आहे. डबक्यातून बोटभर मासे सटकत होते. एका जागी बाई थांबल्या आणि काठीचं टोक वर उचलून धरलं. खाली एक जाडजूड काळा प्राणी काकडीसारखा आडवा पडला होता.

"कंटकचर्मी," बाई म्हणाल्या. "हा पुस्तकात पाचव्या पानावर होता." आणि पुढं चालू लागल्या. गुडघ्यांची आठवण त्यांना राहिली नव्हती, पण मला होती. मी त्यांचा दंड घट्ट धरला होता.

कुंड आलं तेव्हा वरून काही विशेष वाटलं नाही. आमच्या परसाएवढं, हिरवट, निवांत पाणी. शेफालीदी सरळ आत उतरल्या, कमरेच्या थोडं वर पाणी येईल अशा जागी खुर्ची तळाच्या वाळूत रोवली आणि पाय हलत नाहीत ना ते बघितलं. मग आम्ही दोघींनी मिळून बाईंना उतरवलं. बाई पाण्यात खुर्चीवर बसल्या. पाणी त्यांच्या गळ्यापर्यंत आलं. मी मागून खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

"घंगाळापेक्षा गार आहे," त्या म्हणाल्या. मास्क लावला, नळी तोंडात घेतली, ओठ आवळले आणि घरच्यासारखंच, घड्याळ बघितल्यागत एक क्षण थांबून, तोंड पाण्यात घातलं.

मीही माझा मास्क लावून घातलं.

आधी आवाज आला. सगळीकडून तडतड, तडतड, चुलीवर फुटाणे भाजत असल्यासारखी. एवढ्या शांत पाण्यात एवढा गलबला असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग डोळ्यांना दिसायला लागलं. देवगडला लहानाची मोठी झाले मी, पण समुद्र मी नेहमी वरून पाहिला होता. आतून तो असा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कुंडाची भिंत नुसती भिंत नव्हती. तळापासून वरपर्यंत ती जिवंत होती. फांद्याच फांद्या, पिवळसर, हिरवट, मातकट गुलाबी, एकीच्या खांद्यावर दुसरी. मधेच मेंदूसारख्या वळ्या पडलेले गोल गोल गोटे, एकेक घागरीएवढा. एका फटीत हातभर शिंपला आ वासून बसला होता, त्याचे ओठ गर्द निळे, वर मोरपिसाचे ठिपके. पाण्यावरून माझी सावली सरकली तसा तो मिटला. फांद्यांवर रंगीत झिरमिळ्यांचे तुरे उभे होते, आम्ही जरा हललो की सगळे एकदम आत जायचे आणि थोड्या वेळानं एकेक करून पुन्हा डोकं वर काढायचे. निळ्या माशांचा एक थवा आमच्याकडं न बघता मधून निघून गेला. एक पोपटी मासा खडकाला तोंड लावून करकर चावत होता, त्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मला कळेना, कुठं बघू. दिसत होतं त्यापेक्षा आणखी काही सुटतंय या भीतीनं मी पापणीही लववत नव्हते.

आणि बाईंच्या अगदी समोर, दीड हातावर, एक मोठा गोळा होता. त्याच्या अंगभर बारीक बारीक फुलं, हजारोंनी, प्रत्येकीला पाकळ्या आणि प्रत्येक पाकळी हलत होती. पाण्याला ओढ नव्हती. ती आपली आपण हलत होती. बाईंनी हात पुढं केला. शिवल्या नाहीत. नुसतं एक बोट वितभर लांब धरलं आणि ते थोडं थोडं पुढं नेऊ लागल्या. त्या मोजत होत्या. एका फुलाच्या पाकळ्या मोजत होत्या. वर्गात तक्त्यावर छडी ठेवून मोजायच्या तशाच.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मी दोन-तीनदा डोकं वर काढलं. शेफालीदी खडकाच्या कडेला उकिडव्या बसून आमच्याकडं बघत होत्या. बाईंनी एकदाही डोकं वर काढलं नाही. नळीतून त्यांचा श्वास येत होता, लांब, सावकाश. मग मधेच तो लागोपाठ येऊ लागला, अडखळत. मी घाबरले. खांदे धरून त्यांना वर घेतलं, मास्क काढला.

बाई रडत होत्या.

"चोवीस," त्या म्हणाल्या. "त्या पाकळ्या म्हणजे शुंडकं, चोवीस आहेत. मोजली मी. जिवंत आहेत गं. सगळी जिवंत आहेत."

"हो, बाई."

"आणि त्या डावीकडच्या फांद्या बघितल्यास? टोकं जांभळी आहेत. फांदी मातकट, आणि नुसती टोकं जांभळी." त्यांनी माझं मनगट धरलं. "तिनं नेमकी टोकंच रंगवली होती, हेमा."

"कुणी?"

"संजीवनी लेंडवे. आठवीत होती." बाई पाण्याकडं बघत बोलत होत्या. "वडील फौजेत. दोन वर्षं पोर्ट ब्लेअरला होते, मग पोरीला शाळेसाठी गावी पाठवली. मी प्रवाळाची आकृती काढायला सांगितली होती. आकृती पेन्सिलीनंच काढायची, माझा नियम. तिनं रंगवून आणली. म्हणाली, बाई, याला रंग असतो, मी बघितलंय, पाण्यात. प्रयोगशाळेत आमच्याकडं प्रवाळाचा एक तुकडा होता, हाडासारखा पांढरा. मी तो वर धरला आणि म्हटलं, हा बघ. आणि तू काय पाण्यात डोळे उघडे ठेवून बसली होतीस का? सगळा वर्ग हसला. मी ते पान टरकावलं तिच्या वहीतलं. परत काढून आण म्हटलं, पेन्सिलीनं."

मी खुर्चीची पाठ पुन्हा घट्ट धरली.

"आणली तिनं काढून. अगदी मला हवी होती तशी. त्यानंतर वर्षभर तिनं हात वर केला नाही. दहावी झाली आणि शाळा सोडली." बाईंनी तोंडावरून हात फिरवला. "पुढं कुठल्याशा मासिकात मी रंगीत फोटो बघितला. तेव्हाच कळलं होतं. पण मनाला म्हटलं, छपाईचे रंग असतील. आपण जाऊन बघितल्याशिवाय कशाला मानायचं? अठ्ठावीस वर्षं तेच म्हणत आले. काल तू म्हणालीस ना, मला वाटलं मला माहीत आहे... त्यानंतर मला घास गिळवेना."

आदल्या रात्री त्या माझ्यावर रागावून उपाशी निजल्या असं मी समजून चालले होते.

"मासीमा," शेफालीदींनी हाक मारली आणि बोटानं समुद्राकडं दाखवलं. लांब कडेवर पांढरी रेघ उमटली होती. पाणी परत फिरलं होतं.

"पाच मिनिटं," बाई म्हणाल्या. मास्क लावला आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं. या वेळी त्या काही मोजत नव्हत्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून नुसत्या बघत होत्या, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. ती पाच मिनिटं शेफालीदींनी पंधरा होऊ दिली.

मंगळवेढ्याला परतल्यावर चौथ्या दिवशी बाईंनी इस्त्रीची साडी नेसली आणि मला म्हणाल्या, "चल." कुठं, ते विचारायची गरज नव्हती. आल्या दिवसापासून त्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून पत्ता काढत होत्या.

बसस्टँडमागच्या गल्लीत एक पत्र्याचं दुकान होतं. बाहेर ब्लाऊज टांगलेले. आत मशीनवर चाळिशी ओलांडलेली एक बाई वाकून शिवत होती, गळ्यात टेप, कानावर पांढरे होऊ लागलेले केस. तिनं मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जे आलं ती भीती होती. मी ते स्पष्ट पाहिलं. बाईंनीही पाहिलं असणार.

"बाई, तुम्ही? काय शिवायचंय का?"

"नाही, संजीवनी. मी अंदमानला जाऊन आले." बाई उंबऱ्यातच उभ्या होत्या, माझ्या हातावर भार देऊन. "टोकं जांभळीच असतात."

संजीवनीचा हात मशीनच्या चाकावर तसाच राहिला. कशाबद्दल चाललंय हे तिला विचारावं लागलं नाही.

"चुकले मी," बाई म्हणाल्या. "तुला बघितलेलं सांगायचं होतं आणि मी तुला बोलू दिलं नाही. आज विचारायला आलेय. आणखी काय काय बघितलं होतंस?"

बाहेर एक एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. मग तिनं गळ्यातली टेप काढून ठेवली, अंगावरचे दोरे झटकले आणि मशीनमागून उठून, हाताची घडी घालून, सरळ उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "रात्री प्रवाळाची ती फुलं सगळी उघडतात. वडिलांनी बॅटरी धरली होती. दिवसा दिसतात त्याच्या दुप्पट होतात."

"मी नाही बघितलं ते," बाई म्हणाल्या आणि दारातल्या स्टुलावर बसल्या. "सावकाश सांग. मला काहीच माहीत नाही."